गोठ्यातलं चिलट नेमकं कोणतं?

भंडारा जिल्ह्यात पावसाळा सरता सरता तिन्हीसांजेला गोठ्यात दूध काढायला बसलेल्या माणसाच्या हातापायांची अचानक आग होऊ लागते. डासासारखी गुणगुण ऐकू आलेली नसते आणि निरखून पाहिलं तरी कातडीवर काळ्या ठिपक्याएवढं काहीतरी दिसतं, बस्स. बैल पाय आपटतात, म्हैस शेपटी थांबवत नाही. कुणी म्हणतं डास, कुणी म्हणतं चिलट, कुणी घुंगुरटं. बहुतेक वेळा हा कीटक क्युलिकॉइडीस या वंशाचा असतो. त्याची लांबी एक ते तीन मिलिमीटर असते, म्हणजे साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून तो सहज आत येतो. चावते ती फक्त मादी, कारण अंडी पिकायला तिला रक्त लागतं.

पण हे नाव सांगण्याआधी एक गोंधळ सोडवावा लागतो. इंग्रजीत या कीटकांना ‘मिज’ म्हणतात. भंडाऱ्याच्या धान उत्पादकाला मात्र ‘मिज’ म्हटलं की गादमाशी आठवते, जी धानाचा पोंगा चंदेरी नळीसारखा करून टाकते आणि त्या फुटव्याला लोंबी येऊ देत नाही. गादमाशी माणसाला किंवा जनावराला चावत नाही; तिचं कुळच वेगळं. दुसरा गोंधळ जास्त गंभीर आहे, तो सँडफ्लायचा म्हणजे वाळूमाशीचा. वाळूमाशीही तेवढीच बारीक आणि तीही संध्याकाळनंतर चावणारी. तिच्यातून चांदीपुरा विषाणू पसरतो. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावावरून या विषाणूचं नाव पडलं. 2007 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात, ज्यात भंडारा जिल्हाही येतो, मुलांमध्ये मेंदूज्वराचे 78 रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे 44 टक्के मुलं दगावली, आणि तपासांत निम्म्या रुग्णांमध्ये चांदीपुराची खात्री झाली.

दोघींना वेगळं ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, चांगलं भिंग पुरतं. वाळूमाशी बसते तेव्हा पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उभे धरते, अंगभर केस असतात आणि ती उडण्यापेक्षा उड्या मारते. क्युलिकॉइडीस पंख पाठीवर कात्रीच्या पात्यांसारखे एकावर एक आडवे ठेवते आणि त्या पंखांवर बहुधा राखाडी-पांढरी नक्षी असते. दोघींची घरंही वेगळी. वाळूमाशी वाढते मातीच्या भिंतींच्या भेगांत, कोरड्या सावलीत, शेणमाती आणि पालापाचोळ्याच्या ओलसर कोपऱ्यात. क्युलिकॉइडीसच्या अळ्यांना मात्र चिखल लागतो. म्हणून भिंतीच्या भेगा लिंपल्या तर वाळूमाशी कमी होईल, चिलटं होणार नाहीत.

क्युलिकॉइडीसचं मुख्य नुकसान आहे ते जनावरांचं. मेंढ्यांना होणारा ब्लूटंग म्हणजे नीलजिव्हा हा रोग त्यांच्याच चाव्यातून पसरतो, हे 1944 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दाखवलं गेलं. भारतातली या रोगाची पहिली नोंद 1964 सालची, आणि ती महाराष्ट्रातल्याच मेंढ्या-शेळ्यांची. ताप येतो, तोंड सुजतं, जीभ कधीकधी निळसर पडते, खुरं दुखतात. गाई-म्हशींमध्ये मात्र विषाणू बहुतेक वेळा गुपचूप राहतो. गोठ्यातली धडधाकट म्हैस शेजारच्या कळपासाठी विषाणूचा साठा असू शकते.

प्रश्न असा की, जगात क्युलिकॉइडीसच्या तेराशेहून अधिक जाती असताना रोग पसरवणाऱ्या त्यांतल्या मोजक्याच आहेत. त्या शोधण्यासाठी संध्याकाळी गोठ्यात अतिनील दिव्याचा सापळा टांगतात. दिव्याकडे आलेले कीटक पंख्याच्या झोताने खाली भांड्यात पडतात. रात्रभरात डास, पतंग, तुडतुडे असं सगळंच जमतं आणि सकाळी त्यातून चिलटं वेचत बसावं लागतं. आधी पंखांवरचे ठिपके पाहतात. तेवढ्यावर भागलं नाही तर डोकं, पंख आणि पोट वेगळं करून काचपट्टीवर बसवतात. मग दोन डोळ्यांमधलं अंतर, स्पृशेवरचे खंड, मादीच्या पोटातल्या शुक्रपिशव्यांची संख्या आणि आकार, असं मोजमाप सुरू होतं. काम डोळे शिणवणारं आहे. पण एक खूण मात्र फार उपयोगी: ज्या मादीने आधी एकदा रक्त पिऊन अंडी घातली आहेत, तिच्या पोटावर लालसर रंग उतरतो. विषाणू असला तर अशा मादीतच असण्याची शक्यता, म्हणून तीच चाचणीला निवडतात.

आपल्याकडच्या एका नेहमीच्या जातीचं उदाहरण घेतलं तर या खटाटोपाचा अर्थ कळतो. क्युलिकॉइडीस ऑक्सिस्टोमा या जातीचं वर्णन किफर या फ्रेंच अभ्यासकाने 1910 मध्ये कोलकात्याच्या नमुन्यांवरून केलं. पण ती शुल्ट्झी या आफ्रिकेतल्या जातीशी इतकी मिळतीजुळती की भारतातल्या जुन्या नोंदींत तिला सर्रास ‘शुल्ट्झी’च म्हटलेलं सापडतं. पुढे पंख आणि अवयव बारकाईने तपासून, आणि मग डीएनएचा ‘बारकोड’ वाचून, आशियातली ऑक्सिस्टोमा वेगळी काढता आली. गंमत अशी की त्याच डीएनएमुळे ऑक्सिस्टोमा आफ्रिकेत सेनेगलमध्येही असल्याचं उघड झालं. आधीच्या कागदपत्रांतली जात वाचून निष्कर्ष काढणाऱ्याने म्हणूनच जरा जपून राहावं.

जात चुकली की अंदाज कसा चुकतो, याचा मोठा धडा युरोपला मिळाला. इमिकोला ही आफ्रिकेकडची जात जिथे पोहोचत नाही तिथे ब्लूटंग येणार नाही, असं मानलं जायचं. ऑगस्ट 2006 मध्ये नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत रोग फुटला. तिथे इमिकोला नव्हतीच. वर्षानुवर्षं गोठ्याभोवती घोंगावणाऱ्या स्थानिक जातींनीच विषाणू पसरवला होता.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हा फरक थेट जमिनीवर दिसतो. इथे मामा तलाव आहेत, त्यांच्या काठचा चिखल आहे, पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांना लागूनच गोठे, उकिरडे. ऑक्सिस्टोमा आणि पेरेग्रिनस या जातींना तळ्याकाठचा आणि बांधीतला चिखल मानवतो. इमिकोलाला शेण-मूत मिसळलेली ओल हवी, पण पाणी साचून राहिलेलं चालत नाही. तिचे कोष तरंगत नाहीत, बुडाले की मरतात. म्हणजे इमिकोला वाढत असेल तर गोठ्यातल्या सांडपाण्याचा निचरा आणि शेणाचा खड्डा झाकणं पुष्कळ काम करेल. ऑक्सिस्टोमा असेल तर चिलटं येणार ती बांधीतून, आणि धानातलं पाणी काही कुणी सोडणार नाही. अशा वेळी हातात उरतं ते संध्याकाळी मेंढ्यांना गाई-म्हशींपासून दूर, बंदिस्त जागेत ठेवणं, बारीक जाळी लावणं आणि लसीची वेळ चुकू न देणं. यातलं कोणतं आधी करायचं, हे सापळ्याच्या भांड्यात सकाळी काय सापडतं त्यावर ठरतं.