विश्लेषण : सव्हानातील गावठी कोंबड्यांचा कळप का वाढत नाही?

उत्तर घाना, बुर्किना फासो, उत्तर नायजेरिया या पश्चिम आफ्रिकेच्या सव्हाना पट्ट्यात लहान शेतकऱ्याच्या अंगणात गावठी कोंबड्या असतातच. औषधपाणी, शाळेची फी अशी नड आली की आधी कोंबडी विकली जाते. तरीही कळप फारसा वाढत नाही. असे का?

कोंबडी अंडी किती देते?

फार्मवरची अंड्यांची कोंबडी वर्षाला सुमारे ३०० अंडी देते. इथली गावठी कोंबडी साधारण ३० ते ६०. एका खेपेला १०-१५ अंडी घातली की ती खुडूक होते. मग २१ दिवस उबवण आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लांची राखण. तेवढा काळ अंडी बंद. त्यामुळे वर्षात तीन-चार खेपाच होतात.

खुडूक होणे हा दोष आहे का?

नाही. वीज नसलेल्या घरात खुडूक कोंबडी हेच उबवणी यंत्र. तिच्याखालच्या १० अंड्यांतून सात-आठ पिल्ले सहज निघतात. जास्त अंडी देणाऱ्या जाती सहसा खुडूक होत नाहीत. त्या आणल्या तर पिल्ले दरवेळी विकत घ्यावी लागतात.

मग घोडे अडते कुठे?

पिल्लांवर. पहिल्या दोन महिन्यांत निम्मी, कधी त्याहून जास्त दगावतात. घार, मुंगूस, भूक, गारठा ही कारणे आहेतच. हर्मटानचे कोरडे वारे सुटले की मानमोडी, म्हणजे आपल्याकडचा राणीखेत रोग, गावेच्या गावे रिकामी करतो.

उपाय काय?

ऑस्ट्रेलियात विकसित झालेली ‘आय-२’ लस बरीच उष्णता सोसते. डोळ्यात एक थेंब टाकायचा आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा द्यायची. रात्री बंद खुराडे आणि दिवसा पहिले काही आठवडे डालगे असले की घारीचा धोका टळतो. खाद्यासाठी शेतकरी मडक्यात ओले शेण-काड भरून पालथे ठेवतात. त्यात जमलेली वाळवी पिल्लांना मिळते.

त्याने किती फरक पडेल?

तीन खेपांत २४ पिल्ले निघाली आणि निम्मी मेली, तर हाती १२ उरतात. प्रत्येक खेपेत फक्त दोन जास्त वाचवली, तर १८. म्हणजे एकही अंडे न वाढवता दीडपट कोंबड्या. म्हणून पहिला खर्च जात बदलण्यावर नव्हे, तर लस आणि डालग्यावर व्हायला हवा.