सुकाणू, नकाशा आणि मधली तार

शिडाच्या होडीवर खरं दमवतं ते सुकाणू. शिडं एकदा नीट लावली की तासन्‌तास तशीच राहतात. सुकाणूवरचा हात मात्र काढता येत नाही, भर उन्हात नाही आणि पहाटे तीनच्या पेंगेतही नाही. हे काम यंत्राच्या गळ्यात घालण्याची खटपट शंभर वर्षांची आहे. एल्मर स्पेरी यांच्या कंपनीचा स्वयंचलित सुकाणूवाला १९२०च्या दशकात मोठ्या जहाजांवर दिसू लागला आणि खलाशांनी त्याचं ‘मेटल माइक’ असं बारसं केलं. १९२२मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी कसलेला सुकाणूवाला नेमकं काय करतो याचं गणित मांडलं. जहाज किती भरकटलंय एवढंच तो पाहत नाही. ते किती वेगानं वळतंय आणि बराच वेळ एकाच बाजूला सरकत राहिलंय का, याचाही अंदाज त्याच्या मनगटात असतो. आज कारखान्यातल्या भट्ट्यांचं तापमान राखणारं पीआयडी नियंत्रण याच घराण्यातलं.

आजचा ऑटोपायलट म्हणजे त्याचं स्वतःचं होकायंत्र, एक छोटा संगणक आणि सुकाणू ढकलणारी मोटर. त्याला एकच भाषा कळते: ‘१७० अंशांवर चल’. होडीचं तोंड तो १७०वर धरून ठेवतो. होडी कुठे चालली आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं चार्टप्लॉटरला, म्हणजे जीपीएसची जागा नकाशावर दाखवणाऱ्या पडद्याला. मात्र प्लॉटरला हात नाहीत.

आता पाच नॉट वेगानं दक्षिणेला निघालेल्या होडीला बाजूनं एक नॉटचा प्रवाह लागला असं समजा. तोंड अचूक १७०वर राहील आणि दहा तासांत होडी दहा सागरी मैल बाजूला गेलेली असेल. ‘पुढच्या खुणेकडे तोंड ठेव’ एवढंच सांगितलं तर ती खुणेपाशी पोचेल, पण वाटेत पोट काढून. मुंबईहून गोव्याला जाताना वेंगुर्ला रॉक्सपासून लांब राहायचं म्हणून रेघ आखली असेल, तर हे पोट कुठल्या बाजूला निघतं याला महत्त्व आहे. म्हणून प्लॉटरनं तिसरी गोष्ट सांगावी लागते: आखलेल्या रेघेपासून आपण किती आणि कुठल्या बाजूला आहोत. हिला क्रॉस ट्रॅक एरर म्हणतात. ती मिळाली की ऑटोपायलट होडीचं तोंड साडेअकरा अंश प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं वळवतो, आणि होडी खेकड्यासारखी तिरकी, पण रेघेवरून चालू लागते.

या सांगण्याची जुनी आणि अजून टिकून राहिलेली पद्धत म्हणजे एनएमईए ०१८३. ही १९८०च्या दशकातली, सेकंदाला ४८०० बिट्सच्या वेगानं साधी अक्षरं पाठवणारी. प्लॉटरनं ऑटोपायलटला पाठवायच्या वाक्याचं नाव एपीबी. डॉलरच्या चिन्हानं ते सुरू होतं आणि स्वल्पविरामांनी तुटक तुटक पुढे जातं: ए, ए, ०.१०, आर, एन, व्ही, व्ही, ०११, एम... पहिले दोन ‘ए’ म्हणजे माहिती विश्वासार्ह आहे. बिनसलं तर तिथे ‘व्ही’ येतो. ०.१०, आर, एन म्हणजे एक दशांश सागरी मैल चुकलोय, उजवीकडे घे. पुढचे दोन ‘व्ही’ म्हणजे ठरलेली खूण अजून आलेली नाही. मग दिशा ०११, चुंबकीय. गंमत अशी की पहिल्या दोन ‘ए’च्या जागा लोरान नावाच्या, जीपीएसच्याही आधीच्या रेडिओ यंत्रणेसाठी ठेवलेल्या आहेत. लोरान इतिहासजमा झालं, तरी त्याच्या दोन जागा वाक्यात तशाच आहेत.

वायरी जोडणं अर्ध्या दिवसाचं काम. प्लॉटरच्या ‘आउट’च्या दोन तारा ऑटोपायलटच्या ‘इन’ला जातात, ए ला ए, बी ला बी. आउटला आउट जोडून ‘यंत्र बिघडलं’ म्हणणारे पुष्कळ. बोलणारा एक, ऐकणारे अनेक चालतात; दोन बोलणारे एकाच तारेवर आले की कोणाचंच ऐकू येत नाही. आसपासच्या जहाजांची माहिती देणाऱ्या एआयएससाठी तोच पोर्ट ३८४०० वर लावला गेला असेल, तर ४८०० वर कान लावून बसलेल्या ऑटोपायलटला नुसती खरखर मिळते. हे तपासायला पाच मिनिटं पुरतात, तरी ते सगळ्यात शेवटी तपासलं जातं.

नव्या होड्यांवर एनएमईए २००० असतं. मोटारगाड्यांसाठी बॉश कंपनीनं आणलेल्या कॅन बसवर ते उभं आहे, वेग सेकंदाला अडीच लाख बिट्स. होडीभर एक मुख्य केबल, तिला टी-जोड, आणि प्रत्येक यंत्राची आखूड फांदी, सहा मीटरपेक्षा लांब नाही. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर. वीज बंद करून मल्टिमीटर पांढऱ्या आणि निळ्या तारेवर लावा. साठ ओहम आले तर ठीक, १२० आले तर एक टर्मिनेटर गायब आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे, चाळीस आले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवलाय. या एका आकड्यावर निम्मे बिघाड सापडतात.

प्लग बसला म्हणजे सगळं जमलं असं मात्र नाही. दिशा, अंतर, चूक हे संदेश सामाईक आहेत; ऑटोपायलट चालू-बंद करण्याचे संदेश बहुतेक कंपन्यांनी खासगी ठेवलेत. एका कंपनीचा प्लॉटर दुसरीच्या ऑटोपायलटला रस्ता दाखवतो, पण पडद्यावरून ‘थांब’ म्हणता येतंच असं नाही. मला यात फारसं वाईट वाटत नाही. थांबवण्याचं बटण सुकाणूजवळ, ओल्या हातानं चाचपडून सापडेल असं, वेगळंच असावं.

या जोडणीचं सगळ्यात बोलकं प्रकरण छोट्या होडीचं नाही. ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज ९ जून १९९५ रोजी दुपारी बारा वाजता बर्म्युडाच्या सेंट जॉर्जेसहून बॉस्टनकडे निघालं. माणसं १५०९. तासाभराच्या आतच जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडापाशी सुटली. उपग्रह दिसेनासे झाल्यावर जीपीएसनं वेग आणि दिशा यांवरून अंदाजे जागा काढायला सुरुवात केली. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं आली, सेकंदभर किणकिणाट झाला, बस. जीपीएसनं पाठवलेल्या माहितीत ‘हे खरं नाही’ अशी खूण होती, पण ऑटोपायलट ती खूण वाचण्यासाठी बनवलेलाच नव्हता. तो आकडे खरे धरून चालला. त्याच्याकडे स्वतःचा अंदाजही होता आणि दोन्ही जागा तो ताडून पाहायचा. पण आता दोन्हीकडे एकाच प्रकारचा अंदाज चाललेला, त्यामुळे ते छान जुळत होते. प्रवाह आणि वारा कोणाच्याच हिशेबात नव्हते.

जहाजाच्या ब्रिजवर लोरानचं यंत्र चालू होतं आणि ते जहाजाची जागा बरोबर दाखवत होतं. दोन्ही जागा ताडून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. रडारवर अपेक्षित वेळेला एक बोया दिसला, तो आपलाच असं धरलं गेलं. प्रत्यक्षात तो दुसराच होता. पुढचा बोया दिसला नाही, तरी दिसल्याचं कप्तानाला सांगितलं गेलं. टेहळ्यानं पुढे पांढरं-निळं पाणी दिसतंय असं कळवलं, तेही सोडून दिलं. निघाल्यापासून सुमारे चौतीस तासांनी, १० जूनच्या रात्री, नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेला जहाज वाळूत रुतलं. ते रेघेपासून १७ मैल दूर होतं, आणि त्या क्षणापर्यंत पडद्यावर मात्र रेघेवरच. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. रेघेवर इतकं सुबक चालणारं जहाज माणसांना निर्धास्त करतं. म्हणूनच एकट्यानं जगप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीचा नियम मला आवडतो: तिथे जीपीएसही नाही, विजेचा ऑटोपायलटही नाही. २०१८मध्ये अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेऊन त्यात उतरले, तेव्हा सुकाणू वाऱ्यावर चालणाऱ्या पंख्याच्या हाती होतं.

एपीबीच्या वाक्यातलं ते शेवटचं ‘एम’ आपल्याकडच्या माणसांना विशेष फसवतं. ‘एम’ म्हणजे चुंबकीय उत्तर, ‘टी’ म्हणजे खरी. मुंबई-गोव्याच्या पाण्यात दोन्हींमधला फरक एका अंशाच्याही आत. सेटिंग चुकलं तरी दिवसभर कळत नाही, आणि ‘गोव्यापर्यंत उत्तम चाललं’ असा दाखला मिळतो. तीच होडी केपटाउनला नेली तर तिथे हा फरक पंचवीस अंशांच्या आसपास आहे. रेघेपासूनची चूक पाहून ऑटोपायलट सावरत राहील, पण प्रत्येक वळणाची सुरुवात पंचवीस अंश वाकडी करेल. प्लॉटर आणि ऑटोपायलट, दोघांचं सेटिंग धक्क्यावरच एकमेकांशी ताडून घ्यावं.

रेघ आखणं माणसाचंच काम आहे. २०१४च्या नोव्हेंबरात व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही होडी मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोसच्या प्रवाळावर चढली. नकाशा लांबून पाहिल्यावर ते बेट ठळक दिसत नव्हतं. म्हणून आखलेली प्रत्येक रेघ पूर्ण जवळ आणून बोटभर बोटभर पुढे सरकवत पाहावी. कंटाळा येतो, येऊ द्यावा.

चाचणी भरपूर खोल आणि मोकळ्या पाण्यात घ्यावी. दोन मैलांवर एक खूण लावा, ट्रॅकचं बटण दाबा आणि होडी रेघेवर स्थिर होऊ द्या. खुणेशी पोचल्यावर ऑटोपायलटनं वळण्याआधी विचारलं पाहिजे. न विचारता वळला तर शिडाचा बूम कोणाच्या डोक्यावरून जाईल याचा नेम नाही. मग पुन्हा रेघेवर असताना अँटेनाची केबल काढा आणि घड्याळ पाहा. काही सेकंदांत ऑटोपायलट ओरडला आणि आहे ती दिशा धरून राहिला, तर जोडणी बरोबर. काहीच झालं नाही, तर धक्क्यावर परत या आणि मॅन्युअल उघडा. केबल परत लावल्यावर उपग्रह पकडले गेल्याची खात्री करून बटण पुन्हा दाबायचं असतं. बहुतेक ऑटोपायलट आपणहून रेघेवर परत जात नाहीत.