‘दाखला घेऊन जा’ म्हणणारी शिस्त

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. भाईंदर पूर्वेच्या एका खाजगी शाळेत सातवीच्या दोन मुलांनी घरी उरलेला सुतळी बॉम्ब दप्तरातून नेला आणि मधल्या सुट्टीत मुतारीत फोडला. कोणाला इजा झाली नाही. एक बेसिन तडकले, पहिलीतली पोरे रडत वर्गाबाहेर पळाली. खोडी साधी नव्हती, कोणाचा डोळा गेला असता. आम्ही तिचे समर्थन करीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचे म्हणणे आहे ते त्यानंतर जे घडले त्याबद्दल.

दोघांपैकी एक टॉवरमधला, दुसरा वस्तीतला. टॉवरमधल्या मुलाचे वडील तासाभरात गाडी घेऊन आले. केबिनमध्ये चहा झाला, बेसिनचे पैसे दिले गेले, ‘वय आहे हो, करतात मुले’ असे दोन्ही बाजूंनी म्हणून झाले आणि मुलगा वडिलांबरोबर घरी गेला. दुसऱ्याची आई मीरा रोडच्या शांतीनगरात धुणीभांडी आणि साफसफाईची कामे करते. कामाच्या वेळी मोबाइल पिशवीत असतो. ती शाळेत पोहोचेपर्यंत दुपार टळली होती. तोवर तिच्या मुलाच्या हातावर पट्टीचे वळ उठले होते आणि बादली-खराटा देऊन ती मुतारी त्याच्याकडून धुऊन घेतली गेली होती. एकट्याकडून! आईला निरोप मिळाला तो असा : “ताई, याला वळण नाही. उद्या येऊन दाखला घेऊन जा.”

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. दाखल्याबद्दल ती आधी बोललीच नाही. “भाऊ, मी रोज लोकांचे संडास धुते ते याला धुवायला लागू नयेत म्हणून,” एवढेच म्हणाली आणि गप्प बसली.

खोडी एकच, पण तिला नावे दोन. टॉवरमधले पोर करते तेव्हा ते ‘मस्तीखोर’ असते, फार तर ‘हायपर’ असते, त्याला समुपदेशकाकडे न्यायचे असते. वस्तीतले पोर करते तेव्हा ते ‘गुंड’ असते, त्याच्या ‘घरचे वातावरण’ निघते, त्याच्यावर ‘संस्कार’ नसतात. एकाची चूक वयाच्या खात्यात जाते, दुसऱ्याची जातीच्या आणि झोपडीच्या खात्यात. कोणी उघड जात काढत नाही, काढायची गरजही पडत नाही. पंचवीस टक्क्यांच्या कोट्यातून आलेली मुले कोणती, हे शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना पाठ असते.

शाळेतल्या शिक्षेचा विषय निघाला की आमच्या समाजाला साताऱ्याची आठवण आल्याशिवाय राहात नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या त्या दिवसांत या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर कोपऱ्यात बसावे लागे आणि संध्याकाळी ते गोणपाट परत घरी न्यावे लागे, कारण शाळा झाडणारा माणूसही त्याला हात लावत नसे. शिपाई हजर असेल तर पाणी, नसेल तर तहान. त्या मुलाने कोणती बेशिस्त केली होती? जन्म घेतला होता, एवढीच!

पण साताऱ्याची दुसरीही एक गोष्ट आहे, ती आपण कमी सांगतो. लहानपणी आपण हट्टी होतो, हे बाबासाहेबांनी लपवलेले नाही. एकदा भर पावसात मुद्दाम भिजत तो मुलगा शाळेत गेला. पेंडसे नावाच्या शिक्षकांनी त्याला छडी मारली नाही की बाहेर उभे केले नाही. आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठवले, गरम पाण्याने अंघोळ घालायला लावली, नेसायला कोरडी लंगोटी दिली. आज शाळा बुडाली असे समजून खूश झालेल्या भिवाला त्यांनी तसेच वर्गात बोलावून बसवले. शाळा बुडू दिली नाही! ज्या काळात कोणी त्या मुलाच्या गोणपाटाला शिवत नव्हते, त्या काळात एका शिक्षकाने त्याच्यासाठी आपल्या घराचे दार उघडले. शिस्त म्हणतात ती ही, असे आमचे मत आहे.

आता वसईकडे या. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांच्यामध्ये एक खाडी आहे, २०२० पासून पोलीस आयुक्तालयही एकच आहे. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी, म्हणजे विद्यार्थी दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, वसई पूर्वेच्या एका शाळेत सहावीतली मुलगी उशिरा आली. तिला आणि तिच्यासारख्या इतर मुलांना शंभर उठाबशा काढायला लावल्या, त्याही दप्तर पाठीवर ठेवून, असा आरोप आहे. त्यानंतर तिची प्रकृती ढासळत गेली. १४ नोव्हेंबरला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तिने प्राण सोडला. त्या दिवशी देशभर बालदिन साजरा होत होता. शिक्षिकेवर गुन्हा दाखल झाला, अटक झाली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न न्यायालयाच्या आधीचा आहे. दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला, यात एवढे संतापण्यासारखे होते तरी काय?

आमच्या शहरात मूल उशिरा का येते हे ज्याला बघायचे असेल त्याने सकाळी वस्तीत यावे. नळाला पाणी कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही. आले की घरातल्या प्रत्येकाने हंडा-कळशी घेऊन धावायचे, त्यात शाळेचे पोरही आले. आई सहाला कामावर निघते, धाकट्याला सांभाळायचे काम सहावीतल्या मुलीकडे. काशिमिऱ्याच्या नाक्यावर गाड्या तुंबल्या की बस हलत नाही. उत्तन-चौकच्या कोळी पोरांना स्टेशनकडच्या शाळेत यायचे तर बसवरच भरवसा. या मुलांना उठाबशा काढायला लावून पाणी लवकर येणार आहे काय? शिक्षा द्यायचीच तर पाणी खात्याला द्या!

योगायोग असा की ज्या पालघर जिल्ह्यात वसई आहे, त्याच जिल्ह्यात डहाणू तालुक्यातले कोसबाडही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण ती गुरे राखायला जात. या दोघींनी मुलांना आळशी ठरवले नाही, पालकांना अडाणी म्हणून हिणवले नाही. शाळाच उचलून कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हे नाव तिथलेच. गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली शिकताहेत. ज्या भागात पाऊणशे वर्षांपूर्वी शाळा मुलाच्या मागे चालत गेली, त्याच भागात आज मूल शाळेत उशिरा पोहोचले म्हणून त्याला दम निघेपर्यंत उठाबशा!

कायदा नाही असे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० सालीच शाळेतल्या मारहाणीला परवानगी देणारा तिथला नियम रद्द केला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ सांगते की मुलाला शारीरिक शिक्षा करता येणार नाही आणि मानसिक त्रासही देता येणार नाही. कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे, वर्गासमोर ‘तुझी लायकी काय’ म्हणणे, हे सगळे त्यात आले. कलम १६ म्हणते की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ मध्ये या कलमात बदल होऊन पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मुभा मिळाली नाही. हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक नसण्यावरच सगळा कारभार चालतो. म्हणून ‘काढून टाकतो’ असे शाळा म्हणत नाही. ‘दाखला घेऊन जा’ म्हणते. म्हणजे कागदावर पालकानेच मूल काढले!

आणि तो दाखला कसला असतो? त्याच एका कागदावर जात असते आणि त्याच कागदावर ‘वर्तणूक’ हा रकानाही असतो. त्या रकान्यात सरांनी काय लिहिले तर पोराचे पुढे काय होईल, या धास्तीने आमची आई-बापडी माणसे तोंड उघडत नाहीत. नववीत तर कलम १६ चे संरक्षणही संपते. मग शंभर टक्के निकालाची पाटी गेटवर लावायची हौस असलेल्या शाळा कच्ची मुले नववीतच हेरतात. मूल कच्चे आहे असे सांगत नाहीत, ते ‘त्रास देते’ असे सांगतात, आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरायचा सल्ला देतात. बेशिस्त हा शब्द किती कामांना येतो पहा.

आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. ‘सर, मारा, हातपाय मोडले तरी चालतील, पण शिकवा’ असे शाळेत जाऊन सांगणारे बाप आम्ही वस्तीत पाहिले आहेत. छडीशिवाय विद्या येत नाही असे ऐकत आपण वाढलो. घरी कामाचा, कर्जाचा, दारूचा राग पोराच्या पाठीवर निघतो. घरी चौदावे रत्न दाखवणाऱ्या बापाला शाळेतल्या छडीविरुद्ध बोलायला तोंड उरत नाही, हे शाळेला बरोबर कळते.

त्या बाईंबरोबर आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “साहेब, एका वर्गात सत्तर मुले आहेत. मारू नका म्हणून परिपत्रक येते, मग काय करायचे ते कोणी शिकवत नाही. माझे निम्मे शिक्षक कंत्राटी. बॉम्ब फोडला तर मी काय आरती करू?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सत्तर मुलांच्या वर्गात उभे राहून बघावे, मग शिक्षकाला नावे ठेवावीत. पण आम्ही विचारले, “सर, मुतारी दोघांनी खराब केली. धुवायला एकच का होता?” यावर ते काही बोलले नाहीत. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

आम्ही अर्ज लिहून नेला होता. कलम १६, कलम १७, आणि मुलाच्या हातावरच्या वळांचा उल्लेख. एक प्रत महापालिकेच्या शिक्षण विभागाला, कारण कलम ३२ प्रमाणे तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तिथे दाद लागली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. कारकुनाने अर्ज घ्यायला टाळाटाळ केली. आवक शिक्का मारल्याशिवाय आम्ही हलणार नाही म्हटल्यावर शिक्का उमटला. चार वाजता मुख्याध्यापकांनी बाईंना आत बोलावून सांगितले की दाखल्याचे राहू द्या, मुलाला पाठवा.

मुलगा मात्र आठ दिवस शाळेत गेला नाही. मार लागला म्हणून नव्हे. मुतारी धुताना वर्गातल्या मुली दारातून बघत होत्या, ते त्याला सोसत नव्हते. नवव्या दिवशी त्याचा तो टॉवरमधला जोडीदारच वस्तीत आला आणि त्याला घेऊन गेला. दोघांची दोस्ती तशीच आहे. आम्ही एकदा त्या पोराला विचारले, बाबा, बॉम्ब फोडलास तरी कशाला? तो लाजला. म्हणाला, “आत आवाज किती घुमतो ते बघायचं होतं.”

शिक्का मारलेली अर्जाची प्रत बाईंनी रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. दोन्ही मुलांना शेजारी बसवून ‘हे का केलेत’ असे शाळेने मात्र अजूनही विचारलेले नाही.