फुप्फुसाच्या आवरणातली गाठ: साधी की कर्करोगाची?

मंडळी, रत्नागिरीत कुणाच्या छातीत पाणी झालं म्हटलं की आपल्या मनात आधी क्षय येतो. ते चूक नाही. आपल्याकडे ते एक मोठं कारण आहेच. पण पाणी काढूनही पुन्हा भरत असेल आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाचं आवरण, म्हणजे प्लुरा, जाड दिसत असेल, तर विचारायलाच हवं: ही वाढ साधी की कर्करोगाची?

प्लुराचे दोन पदर असतात. एक फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला आतून लागलेला. दोन्हींवर पेशींचा पातळ थर असतो. क्षय, न्यूमोनिया अशा आजारांनी या पेशी डिवचल्या जातात, वाढतात, विचित्र दिसू लागतात. उलट, याच थरातून उठणाऱ्या मेसोथेलिओमा या कर्करोगाच्या पेशी कित्येकदा अगदी साध्याभोळ्या दिसतात! त्यामुळे नुसत्या रूपावरून निवाडा होत नाही. आम्ही पाहतो ते हे, की पेशी हद्द ओलांडून खालच्या चरबीत शिरल्यात का? खरोखर शिरल्या असतील, तर तो कर्करोग.

काढलेल्या पाण्यात पेशी सुट्या तरंगतात. तिथे हद्द कशी दिसणार? म्हणून छातीत दुर्बीण घालून चरबीपर्यंतचा खोल तुकडा घ्यावा लागतो. जोडीला बीएपी-१ या प्रथिनाची तपासणी असते. पेशींतून ते नाहीसं झालं असेल, तर कर्करोगाचा संशय बळावतो. मात्र ते शाबूत आहे म्हणून कर्करोग नाही, असं समजू नये.

सगळंच भयंकर नसतं. देठावर लोंबणारी एकटी तंतुमय गाठ बहुधा साधी निघते. ती काढतात आणि पुढे लक्ष ठेवतात.

आता कोकणाचा मुद्दा. मेसोथेलिओमाचं मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ. 1960 साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या 33 रुग्णांवरून हा संबंध दाखवला. आजार उमटतो तो धूळ छातीत गेल्यावर साधारण 20 ते 40 वर्षांनी. आपल्या घरांतली किती माणसं मुंबईच्या कारखान्यांत, गोदीत राबून गावी परतली! तेव्हा वडिलांना दवाखान्यात न्याल, तर रिपोर्टांसोबत हेही सांगा, की ते तरुणपणी कुठे कामाला होते. त्यावरून निदान ठरत नाही. पण खोल तुकडा घ्यायला हवा, हे डॉक्टरांना वेळेवर सुचतं.