मुंबईकडे उतरणारी विमाने आणि डोंगर

शहाडच्या पुलावरून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. 7 जुलै 1962 च्या रात्री अलितालिया या विमान कंपनीचे डीसी-8 जातीचे विमान याच तालुक्यातल्या डोंगरावर आदळले. सिडनीहून रोमला जाणारे हे विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. त्यातले सर्व 94 जण दगावले.

चौकशीत कारण निघाले ते दिशादर्शनातल्या चुकीचे. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो, असा वैमानिकाचा समज झाला. प्रत्यक्षात विमान सह्याद्रीच्या पलीकडेच होते. किमान सुरक्षित उंची सोडून ते अंधारात खाली आले आणि सुमारे 3600 फुटांवर डोंगर आडवा आला. या मुलखाची अपुरी ओळखही भोवली. यंत्र बिघडले नव्हते, हे विशेष.

त्याआधीही, 12 जुलै 1949 ला दिल्लीहून मुंबईला आलेले केएलएम या विमान कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान भर पावसाळ्यात घाटकोपरच्या टेकडीवर आदळून 45 जण गेले होते. त्यात 13 अमेरिकी पत्रकार होते.

आता जमीन जवळ येताच वैमानिकाला बजावणारी यंत्रणा प्रवासी विमानांत असते. ती 1970 च्या दशकात रुळली.