नाराजीचा हिशेब: फ्रीसिव्हमधली राज्यपद्धती आणि थिबा राजाची रत्नागिरी

फ्रीसिव्ह शिकणाऱ्या बहुतेकांचं पहिलं साम्राज्य शत्रू यायच्या आधीच मोडतं. शहरं भराभर वसवलेली असतात, शेतं पिकत असतात, तिजोरीतही बरं चाललेलं असतं आणि अचानक निरोप येतो की अमुक शहरात अशांतता माजली आहे. पुढच्या टर्नला आणखी दोन शहरं बिघडतात. नवा खेळाडू मग घाईघाईने राज्यपद्धतीच बदलून टाकतो आणि गोंधळ दुप्पट करून घेतो. राज्य कोणतं निवडायचं आणि लोकांची नाराजी कशी आवरायची हे दोन प्रश्न या खेळात वेगळे काढताच येत नाहीत.

खेळ कोणता

सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा ‘सिव्हिलायझेशन’ १९९१ साली आला. त्याच्या धर्तीवर डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५च्या अखेरीस ‘फ्रीसिव्ह’ लिहायला घेतला आणि १९९६च्या जानेवारीत तो लोकांसमोर ठेवला. तो फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही कुरकुर न करता चालतो. त्यात वेगवेगळे नियमसंच निवडता येतात. इथे सांगितलेले आकडे ‘क्लासिक’ नियमसंचाचे आहेत.

नाराजी मोजतात कशी

शहरातला नागरिक आनंदी असतो, समाधानी असतो किंवा नाराज. नाराजांची संख्या आनंदी लोकांपेक्षा जास्त झाली की अशांतता, आणि अशांत शहरातून ना कर मिळतो ना उत्पादन. पहिले चार नागरिक मुळात समाधानी असतात. पाचव्यापासून पुढे जन्माला येणारा प्रत्येक जण नाराजच जन्मतो. शिवाय साम्राज्यातल्या शहरांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक शहरात आणखी एकेक नाराज वाढतो. ही मर्यादा राज्यपद्धतीवर अवलंबून असते. पंधरावं शहर वसवल्यावर राजधानीत गडबड का झाली, हे कोडं अनेकांना इथेच सुटतं.

सात वस्तीचं शहर घेऊ. चार समाधानी, तीन नाराज. करातला काही हिस्सा चैनीसाठी सोडला आणि या शहराच्या वाट्याला चैनीचे चार गुण आले, तर दोन गुणांना एक या हिशेबाने दोन समाधानी माणसं आनंदी होतात. देऊळ बांधलं तर एक नाराज माणूस समाधानी होतो. आता दोन आनंदी, तीन समाधानी आणि दोन नाराज. नाराजांची संख्या आनंदींपेक्षा जास्त नाही, म्हणून शहर शांत. पण ते दोघे नाराज आहेत तिथेच आहेत. समोरच्या पारड्यात दोन आनंदी बसवले एवढंच. मला या खेळाचा हा भाग सगळ्यांत प्रामाणिक वाटतो: शांतता म्हणजे सगळे खूश असं तो कधीच सांगत नाही.

दुसरा एक उपाय शहराच्या पडद्यावरच असतो. शेतात राबणाऱ्या दोघांना तिथून काढून करमणूककार केलं तर प्रत्येकी दोन गुण चैन मिळते आणि ते स्वतःही नाराजांच्या यादीतून सुटतात. त्यांची शेतं मात्र पडीक राहतात. उपाय चटकन लागू पडतो, म्हणून नवे खेळाडू त्यावर विसंबतात आणि शहर वाढायचं थांबतं.

कोणतं राज्य कधी

सुरुवात निरंकुश सत्तेने होते. तिची खोट अशी की जमिनीच्या ज्या तुकड्यातून एखादी गोष्ट दोनपेक्षा जास्त मिळते, तिथे एक कापला जातो. सोय अशी की शहरात शिपाई उभे केले की तेवढे नाराज गप्प बसतात. राजेशाहीत ती कपात जाते, शिपायांची सोय राहते, पण एका शहरात तिघांपुरतीच.

प्रजासत्ताकात हिशेब उलटतो. जिथे थोडाफार व्यापार आहे तिथे एक जादा व्यापार मिळतो, पण शहरातला शिपाई नाराजी दाबू शकत नाही. उलट लढायला बाहेर पाठवलेली फौज घरच्या शहरात नाराजी पेरते. लोकशाहीत व्यापाराचा तोच फायदा असतो, भ्रष्टाचार उरत नाही आणि कराचा एखादा हिस्सा नव्वद टक्क्यांपर्यंत नेता येतो. किंमतही तशीच: बाहेर गेलेल्या प्रत्येक पलटणीमागे दोन नाराज, आणि एखादं शहर दोन टर्नहून अधिक अशांत राहिलं तर अख्खं सरकार कोसळून अराजक. साम्यवादात शिपाई पुन्हा कामाला येतात आणि दूरची शहरंही राजधानीजवळच्या शहरांसारखीच वागतात. लांबचं युद्ध चालू असेल तर तो बरा.

म्हणजे नाराजी कुठलंच राज्य मिटवत नाही. ती कोणत्या खात्यातून भागवायची एवढंच राज्य ठरवतं. राजेशाही शिपायांच्या खात्यातून भागवते, प्रजासत्ताक चैनीच्या. मोठ्या, मैदानी, शेजाऱ्यांनी वेढलेल्या देशाला पहिलं खातं परवडतं. आपला देश रत्नागिरीसारखा असेल, पाठीशी डोंगर आणि समोर समुद्र, तर मी राजेशाहीचा टप्पा गाळायला सांगेन. समुद्राच्या प्रत्येक घरातून मुळात दोन व्यापार मिळतो, प्रजासत्ताकात तो तीन होतो. त्यातला तिसरा चैनीत घातला तरी शहरं शांत राहतात. निम्मे किंवा त्याहून अधिक नागरिक आनंदी आणि एकही नाराज नाही अशी अवस्था आली, तर प्रजासत्ताकातलं शहर उत्सव करू लागतं आणि अन्न पुरेल तोवर दर टर्नला एकाने वाढतं. बंदरांच्या देशाला याहून चांगली गोष्ट नाही.

बदल करताना मधले काही टर्न अराजकात जातात आणि संशोधन थांबतं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा हे आश्चर्य ज्याने बांधलं त्याची ही भानगड वाचते. बाकीच्यांनी बदल एकदाच करावा, फार तर दोनदा.

राजधानी पडते तेव्हा

फ्रीसिव्हमध्ये मोठ्या साम्राज्याची राजधानी शत्रूने घेतली तर यादवी पेटू शकते आणि देशाचे दोन तुकडे होतात. शहरं अशांत असतील तर ही शक्यता वाढते, उत्सवात असतील तर घटते. याच्या उलट बाजूने, म्हणजे जिंकणाऱ्याच्या बाजूने, काय होतं ते रत्नागिरीकरांना थिबा पॅलेसमुळे ठाऊक असायला हवं.

१८८५च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश जनरल प्रेंडरगास्टच्या फौजेने अवघ्या दोन आठवड्यांत ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले गाठली. तिथल्या थिबा राजाला आगबोटीत बसवून देशाबाहेर नेलं. आधी मद्रास आणि १८८६च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. १ जानेवारी १८८६ रोजी व्हाइसरॉय डफरिनने वरचा ब्रह्मदेश ब्रिटिश मुलखाला जोडल्याचं जाहीर केलं. दुसरा एखादा राजपुत्र गादीवर बसवून मांडलिक राज्य ठेवायचा पर्यायही विचारात होता, तो बाजूला पडला. खेळाच्या भाषेत सांगायचं तर राज्यपद्धती निवडून झाली होती.

बिल नंतर आलं. राजा गेला, पण गावोगावी बंड उभं राहिलं आणि पहिल्या स्वारीला लागली त्याहून कितीतरी मोठी फौज त्या प्रांतात अनेक वर्षं अडकून पडली. १८८७पासून मुख्य आयुक्त असलेल्या चार्ल्स क्रॉस्थवेटने पिढीजात अधिकाऱ्यांना बाजूला सारून प्रत्येक गावाचा मुखिया सरकारला जबाबदार केला. बंडखोरांना आसरा देणाऱ्या गावांना सामूहिक दंड केले, काही गावं उठवून दुसरीकडे वसवली. खेळातल्या देवळाचं किंवा चैनीचं खातं इथे उघडलंच गेलं नाही. सगळा खर्च शिपायांच्या खात्यावर पडला. फ्रीसिव्हच्या काही नियमसंचांत जिंकलेल्या शहरातले नागरिक आपलं मूळ राष्ट्रीयत्व जपतात आणि त्यांच्या मूळ देशाशी युद्ध चालू असेल तर जास्त नाराज होतात. हा नियम लिहिणाऱ्याने मंडाले वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

राजाला रत्नागिरीत ठेवण्यामागचं गणितही तेच होतं. रेल्वे नाही, मध्ये सह्याद्री, पावसाळ्यात बोटी बंद. त्याची प्रजा त्याच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून निवडलेली जागा. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला १८५८मध्ये रंगूनला पाठवलं तोही याच धोरणाचा भाग. एका देशाचा पदच्युत राजा दुसऱ्या देशात, आणि त्या देशाचा पहिल्यात. जांभ्या दगडाचा राजवाडा थिबाला १९१०मध्ये मिळाला आणि १९१६च्या डिसेंबरमध्ये तो वारला. राणी सुपयालात १९१९मध्ये रंगूनला परतू शकली, राजाचं थडगं मात्र इथेच राहिलं.

दूरच्या शहराची गळती

राजधानीपासून शहर जितकं लांब, तितका त्याच्या व्यापाराचा जास्त भाग भ्रष्टाचारात जातो. न्यायालय बांधलं की ही गळती बरीच कमी होते आणि लोकशाहीत तेच न्यायालय एका नाराज माणसाला समाधानीही करतं. या इमारतीकडे खेळाडू फारसे वळत नाहीत, वळायला हवं.

खेळात गळती अंतराने ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात ती खोत नावाच्या माणसाने ठरायची. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला वंशपरंपरागत खोत सारा गोळा करायचा आणि कुळांकडून वर बरंच काही काढायचा. याच जिल्ह्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७च्या सप्टेंबरमध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. मधला माणूस काढून टाकण्याचं बटण फ्रीसिव्हमध्ये नाही, ही त्याची मोठी उणीव.

जे निघून जातात

फ्रीसिव्हमध्ये स्थलांतराचा एक पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. सर्व्हरवर चालू केला तर नागरिक जवळच्या अधिक सुखी, अधिक भरभराटीच्या शहरात आपणहून निघून जातात, प्रसंगी परक्या देशातही. तेव्हा नाराजी सहन करत बसणारा खेळाडू एकाएकी लोकसंख्याच गमावतो.

रत्नागिरीने हा पर्याय शतकाहून अधिक काळ चालू ठेवला आहे. मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवणाऱ्या जिल्ह्यांत त्याचं नाव सगळ्यांत वर होतं. २०११च्या जनगणनेतही जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आहेत. कामासाठी पुरुष बाहेर जाण्याची खूण अजून तिथे आहे. हा पर्याय चालू करून कोकणासारख्या नकाशावर एकदा खेळून बघावं: डोंगराकडेला छोटी शहरं आणि उत्तरेला एक मोठं बंदर. छोट्या शहरांत चैनीवर खर्च केला नाही तर ती बंदरात रिकामी होतात. मात्र खेळातला नागरिक एकदा गेला की जुन्या शहराचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. मनिऑर्डर पाठवणारा आणि गणपतीला घरी येणारा चाकरमानी फ्रीसिव्हच्या कोडमध्ये अजून कोणी लिहिलेला नाही.