पिवळा धोत्रा

पिवळा धोत्रा : (हिं. सत्यानाशी, भडभांड, गु. दारूडी, सं. स्वर्णक्षीरी, लॅ. आर्जेमोन मेक्सिकाना; कुल–पॅपॅव्हरेसी). अफूच्या कुलातील ही काटेरी, वर्षायू (एक वर्ष जगणारी) ओषधी मूळची उष्ण अमेरिकेतील असून भारतात सर्वत्र तण म्हणून स्थिरावली आहे. नाशिक परिसरात गोदाकाठच्या पडीत जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेतांचे बांध येथे ती हिवाळ्यात वाढते आणि माघ-फाल्गुनात, इतर ओषधी सुकू लागल्या असता, ठळक पिवळ्या फुलांमुळे सहज नजरेत भरते.

खोड सरळ, ३०–१२० सेंमी. उंच, पाने बिनदेठाची, खोडास अर्धवट वेढणारी, खोलवर विभागलेली व काठावर काटे असलेली, शिरांवर पांढरट पट्टे असतात. फुले शेंड्याकडे एकेकटी येतात. संदले ३, टोकाजवळ शिंगासारखी व लवकर गळणारी, पाकळ्या ६, सुट्या, केसरदले अनेक, किंजल्क तांबडा, ४–६ खंडांचा. बोंड काटेरी असून टोकाशी शकलांनी तडकते. बिया बारीक, गोलसर व काळपट असतात.

ओळखीची सर्वांत सोपी खूण म्हणजे चीक : पान वा खोड मोडताच पिवळा चीक पाझरतो. खऱ्या धोत्र्याशी (सोलॅनेसी कुल) हिचे साम्य काटेरी फळापुरतेच आहे. त्याचे फूल नरसाळ्यासारखे, जुळलेल्या पाकळ्यांचे व पांढरे किंवा जांभळट असते. याच सुमारास शेतात फुलणाऱ्या करडईची पानेही काटेरी असतात. पण तिचे ‘फूल’ हे अनेक लहान पुष्पकांचे स्तबक असून तिला पिवळा चीक नसतो.

ही ओळख केवळ कुतूहलाची बाब नाही. या बिया मोहरीच्या बियांसारख्या दिसतात व त्यांत चुकून वा हेतुपुरस्सर मिसळल्या जातात. त्यांच्या तेलातील सँग्विनरीन या विषारी अल्कलॉइडामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारून त्यांतील द्रव बाहेर पाझरतो. पायांना सूज, धाप, हृदयदौर्बल्य आणि काहींत काचबिंदू ही लक्षणे दिसतात. या विकारास साथीचा शोफ म्हणतात. तो संसर्गजन्य नाही. एकच तेल खाणारी माणसे एकाच वेळी आजारी पडतात, म्हणून तो साथीसारखा भासतो. कोलकात्यात १८७७ मध्ये त्याची नोंद झाली. १९९८ मध्ये दिल्लीत त्याने ६० हून अधिक बळी घेतले. नेहमीच्या स्वयंपाकातील उष्णतेने हे विष नाहीसे होत नाही. त्यावर विशिष्ट उतारा नसून दूषित तेल तत्काळ बंद करणे हा उपचाराचा पाया होय.

मोहरीचा दाणा गुळगुळीत असून चिरडल्यास आत पिवळा दिसतो. पिवळ्या धोत्र्याचे बी खरखरीत, जाळीदार व आत पांढरे असते. चीक व मुळे लोकवैद्यकात वापरली जात असली, तरी वनस्पती विषारी असल्याने घरगुती वापर धोक्याचा आहे. बोंडे पिकण्यापूर्वी झाडे उपटणे हा शेतातील प्रसार रोखण्याचा सोपा उपाय आहे.